भेगेवरचा कागद

काकूंच्या मागच्या पडवीतली भेग मला आधी आवडली होती, हे कबूल केलं पाहिजे.

तेव्हा मार्च महिना होता. मी आणि शेजारच्या काकू मिळून कागदाचे टॅग बनवत होतो. भेटवस्तूला बांधतात ना, तसे. तळहाताएवढे, वरचे दोन कोपरे तिरपे कापलेले, भोकातून सुतळी ओवलेली. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी ते शिकले होते. जाड कागदावर आधी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे, वरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारायचा, नक्षीच्या जाळीतून लांबीसारखी दाट टेक्स्चर पेस्ट ओढायची, ती सुकली की चहा-कॉफीच्या पाण्याने डाग पाडायचे आणि शेवटी पॉलिश पेपरने कडा घासून घासून अशा करायच्या की कालचा कागद पन्नास वर्षांचा वाटावा. हे सगळं माझं काम. फुलं काकूंची.

काकू मुलींच्या शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवायच्या. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण हात तसाच होता. ओलसर कागदाची गोल चकती तळहातावर ठेवून क्रोशाच्या सुईचं बोथट टोक त्या अशी फिरवायच्या की पाकळी आपणहून आत वळायची. सुरंगी, अनंत, अबोली. सुरंगीच्या मधले केसर पिवळ्या दोऱ्याचे. काका जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. मागच्या पडवीत टेबल मांडून आम्ही दुपारी दोन ते पाच बसायचो. पुण्यातली एक दुकानदारीण आमचे टॅग नियमित घ्यायची.

पडवीच्या भिंतीला, टेबलामागे, वरून खाली एक भेग उतरली होती. केसाएवढी. तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याचा गिलावा पोपडे धरून सुटलेला. मी त्यावर पातळ कागद धरला आणि मेणाच्या तपकिरी खडूने घासला. भेग कागदावर पांढरी उमटली, नदीच्या नकाशासारखी. तो कागद फाडून टॅगच्या तळाला लावला, वर काकूंचं एक अनंत बसवलं. दुकानदारणीला ते इतकं आवडलं की तिने तसलेच आणखी मागितले.

काकू हसल्या. म्हणाल्या, "माझ्या घराचं म्हातारपण विकत्येस गो तू."

मीही हसले. वर डोंगरावर तेव्हा जेसीबी चालू होता. आमची दोन घरं उतारावर, मुख्य रस्त्यापासून आत. काकूंचं मागे, डोंगराला पाठ लावून. माझं थोडं खाली आणि बाजूला. मागे पूर्वी काजूची झाडं होती. ती जागा मुंबईच्या कुणीतरी घेतली होती आणि फेब्रुवारीपासून तिथे सपाटी चालू होती. डोंगर उभा कापला होता, सुरीने काकडी कापावी तसा, आणि निघालेली लाल माती पुढच्या कडेवरच ढकलली होती. म्हणजे आमच्या बाजूला. यंत्र चाललं की टेबलावरच्या कात्र्या बारीक आवाज करत हलायच्या. चहाच्या कपात वर्तुळं उठायची. त्याचीही सवय झाली.

मी भेगेचे हे ठसे जपून ठेवायची. गिऱ्हाईक तीच नक्षी पुन्हा मागतं, म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे तारीख लिहायची. मेमध्ये पुन्हा ठसे घेतले, जुलैच्या सुरुवातीला पुन्हा. तेव्हा गणपतीच्या भेटींसाठी मोठी ऑर्डर आली होती. पाऊस चांगलाच लागला होता, पडवीत दिवसाही दिवा लावावा लागे. एका दुपारी मी कागद नीट लावत बसले होते आणि सहज मार्चचा कागद जुलैच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला धरला.

रेषा जुळत नव्हत्या.

मार्चची रेषा दोरीसारखी होती. जुलैची त्याच वाटेने जात होती, पण रुंद, आणि मध्यावर तिला एक फाटा फुटला होता. तो उजवीकडे, मागच्या दाराच्या चौकटीकडे गेला होता. रोज मी त्या भिंतीसमोर तीन तास बसत होते आणि मला तो दिसला नव्हता. मी उठून भिंतीजवळ गेले. भेगेत नख घालून बघितलं. नख गेलं.

"काकू, ही वाढल्येय."

"पावसात घर हलतंच गो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लाकूड फुगतं, भिंत ओल धरते. दिवाळीला बघशील, पुन्हा मिटेल."

मागचं दार मात्र त्याच आठवड्यात अडकायला लागलं. खालून फरशीला घासायचं. ते तासायला काकूंनी त्यांच्या ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. म्हातारा माणूस, हे घर बांधताना तो कामाला होता. त्याने दार तासलं नाही. भेगेवरून हात फिरवला, बाहेर जाऊन छत्रीखालून वर डोंगराकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन मला म्हणाला, कारण काकू चहा करायला आत गेल्या होत्या:

"बाय, तुम्ही कागदाचं काम करता ना? मग भेगेवर आडवी एक पट्टी चिकटवा. पातळ कागद. दोन्ही टोकं घट्ट. फाटली तर समजा भिंत चालत्येय."

"आणि चालत असली तर?"

"मग आत बसायचं नाय."

मी त्याच दिवशी पट्टी लावली. पांढऱ्या पातळ कागदाची, वीतभर. कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. काकूंना ते पटलं नाही. म्हणाल्या, रोग्याला लावतात तसं काय ते भिंतीला. पण काढली नाही.

एक आठवडा झाला, पट्टी शाबूत. दुसरा झाला, शाबूत. मी रोज आल्याबरोबर तिच्याकडे बघायची. माझा नवरा रोज विचारायचा, त्यालाही मी सांगायची, काही नाही हो, जशीच्या तशी आहे. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, मोजमापावर त्याचा विश्वास. तो म्हणाला, मग बरं आहे. भेगही बारीक झाल्यासारखी दिसत होती. काकूंचं खरं ठरणार असं मला वाटू लागलं.

पण इतर गोष्टी बऱ्या नव्हत्या. दार आता अर्धंच उघडायचं. पावसाळ्यात काकूंच्या न्हाणीमागे चिऱ्यांच्या सांध्यातून एक झरा फुटायचा, स्वच्छ, गार. त्या त्याचं पाणी भांडी घासायला घ्यायच्या. त्या वर्षी ते पाणी तांबडं येऊ लागलं. बादलीच्या तळाला बोटभर गाळ बसायचा. आणि आमची टेक्स्चर पेस्टची बरणी. महिनाभर पुरायची ती आठ दिवसांत संपू लागली.

"एवढी कशी संपली?" मी एकदा विचारलं.

"टॅग थोडे का केले आपण?" काकू म्हणाल्या आणि पाकळ्या वळत राहिल्या.

मी त्यांच्या मुलाला फोन केला. हळूच, घरी येऊन. तो सभ्य माणूस आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी दर दोन दिवसांनी विचारतो तिला. ती म्हणते सगळं ठीक आहे, तुम्ही भिंतीला कागद लावलाय आणि तो फाटलेला नाही. बरोबर ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑगस्टच्या मध्यावर तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा काकू न्हाणीमागे उभ्या होत्या, हातात रिकामी बादली.

"झरा थांबला," त्या म्हणाल्या.

पाऊस कोसळत होता आणि झरा थांबला होता. चिऱ्यांच्या सांध्यात फक्त चिखलाचा एक ओघळ होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढं पाणी डोंगरात मुरतंय, ते बाहेर येत नसेल तर आहे कुठे?

मी पडवीत आले. पट्टी शाबूत होती. मी खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि लावल्यानंतर पहिल्यांदाच पट्टी जवळून बघितली.

मी लावलेला कागद पांढरा होता. पडवीत इतकी ओल होती की टेबलावरच्या कोऱ्या कागदांवरही काळी टिंबं उठायची. या पट्टीवर एकही टिंब नव्हतं. तिचा रंग एकसारखा पिवळट तपकिरी, कडेला थोडा गडद. कडा मऊ, पिंजलेल्या. मधून बारीक सुरकुत्या, चुरगाळून पुन्हा सरळ केल्यावर पडतात तशा. मी बोट ओलं करून घासलं. बोटाला चहाचा रंग आला.

ते काम मी ओळखलं. काकूंना मीच शिकवलं होतं. चहात बुडवायचं, चुरगाळायचं, सुकवायचं, कडा घासायच्या. कोपऱ्यातली तारीखसुद्धा हुबेहूब माझ्या अक्षरात. त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर मुलींना अक्षर गिरवायला दिलं होतं, त्यांना ते काय कठीण.

मी पट्टी टोकाकडून सोडवली. तिच्याखाली दुसरी होती. मधोमध फाटलेली. तिच्याखाली तिसरी, तीही फाटलेली. तिच्याखाली चौथी, पांढरी, काळ्या टिंबांनी भरलेली. ती माझी. तिच्या दोन तुकड्यांमध्ये माझा अंगठा मावला असता. आणि तिच्या मागची भेग आमच्या पेस्टने भरलेली होती, बोटाने सारखी करून, वर चुना फासून. मी पेस्टवर दाब दिला. ती आत गेली. मागे काहीच नव्हतं. बोटाला गार वारा लागला.

मी खुर्चीवरून उतरले तेव्हा काकू दारात होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"किती दिवस करताय हे?"

"पहिली चौथ्या दिवशीच फाटली."

"काकू!"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं." त्या टेबलापाशी येऊन बसल्या. अर्धवट राहिलेलं एक सुरंगीचं फूल उचललं, पुन्हा ठेवलं. "तू माझ्या मुलाला कळवलं असतंस. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. आणि एकदा इथून गेले की परत आणणार नाही मला कोणी. त्यांच्या फ्लॅटमध्ये मला एक खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं दिसतं. मी राहून आल्येय तिथे दोन महिने."

"पण म्हणून..."

"म्हणून काय? माझं घर आहे, माझी भिंत आहे."

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या खाली लाजही होती. चार महिने मी त्या भिंतीवर कागद घासून नक्षी काढत होते. मी भांडले नाही. म्हटलं, ऑर्डर पाच दिवसांत पाठवायची आहे, इथे उजेड नाही, कागद सुकत नाहीत. आमच्याकडे चला, ऑर्डर होईपर्यंत. त्यानंतर तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांनी मला बराच वेळ निरखलं. त्यांना कळलंच होतं. पण ऑर्डरचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. दोन पातळं, औषधांचा डबा, क्रोशाची सुई आणि देवघरातला गणपती एवढं घेऊन त्या माझ्या मागून खाली आल्या. दाराला कुलूप लावलं, ते एकदा ओढून बघितलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. किती पट्ट्या होत्या ते त्याने विचारलं. मग म्हणाला, शनिवारी येतो. माझ्या नवऱ्याने मी सोडवून आणलेल्या चारही पट्ट्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या आणि फुटपट्टीने मोजल्या. "आपलं घर तिथून किती लांब आहे?" एवढंच त्याने विचारलं, आणि ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

दोन दिवस आम्ही माझ्या पुढच्या खोलीत काम केलं. काकू नेहमीपेक्षा जलद हात चालवत होत्या. अधूनमधून खिडकीतून वर बघायच्या. माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास पाऊस उघडला होता. ऊन नव्हतं, पण आभाळ जरा वर गेलं होतं. काकू म्हणाल्या, "मी जरा घरी जाऊन येत्ये. पिवळा दोरा तिथेच राहिलाय."

"मी देते ना माझा."

"तुझा जाड आहे."

त्यांनी चपला घातल्या. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले, दारात. आयुष्यात मी कुठल्या वडीलधाऱ्या माणसाची वाट अशी अडवली नव्हती. त्या म्हणाल्या, बाजूला हो. मी म्हटलं, नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो तेव्हा आवाज आला.

मोठा नव्हता. चिऱ्यांचा ट्रक कुठेतरी रिकामा करावा तसा, लांबलेला. त्याआधी क्षणभर सगळे कावळे उडाले एवढं मला दिसलं. मग वरची माती, ती फेब्रुवारीत ढकललेली लाल माती, एखाद्याने चादर सोडावी तशी खाली आली. तिच्यात एक अख्खं झाड उभंच्या उभं सरकत होतं. काकूंच्या घराची मागची बाजू आत वळली. कौलं एकावर एक घसरली. पुढचं अंगण, तुळस, झोपाळ्याची कडी, सगळं जागच्या जागी राहिलं, आणि मागे घर नव्हतं.

माती आमच्या गडग्यापर्यंत, दगडी कुंपणापर्यंत, येऊन थांबली. गडग्याचे वरचे दगड खाली पडले. मग काहीच आवाज नव्हता, फक्त कुठूनतरी पाणी वाहू लागल्याचा. झरा पुन्हा सुरू झाला होता, मातीखालून.

काकूंनी चपला काढल्या. आत जाऊन टेबलापाशी बसल्या आणि एक चकती उचलून पाकळी वळायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं, ते त्या प्यायल्या. लोक धावत आले, तलाठी आले, पंचनामा झाला. दुपारपर्यंत त्या फुलं करत होत्या. सगळी एकसारखी, सुबक. त्याचंच मला जास्त भय वाटत होतं.

शनिवारी मुलगा आला. त्याने माझे हात धरले. जो येई तो काकूंना हेच सांगत होता की शेजारीण होती म्हणून वाचलात. त्या ऐकून घेत होत्या. निघताना गाडीत बसल्या, काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील.

"सगळे म्हणतात तू वाचवलंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कोणी विचारलं होतं का गो?"

गाडी गेली.

ऑर्डर वेळेवर गेली. दुकानदारणीने फोटो पाठवले, लोकांना फार आवडले म्हणाली. त्या भेगेची नक्षी कुणाकुणाच्या घरी मोदकांच्या डब्याला बांधून गेली ते मला माहीत नाही. मी तिला पुढे कळवलं की त्या नक्षीचे टॅग आता होणार नाहीत. ठसे नवऱ्याने एका फाइलमध्ये लावून वरच्या खोदकामाविरुद्धच्या अर्जाला जोडले. अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे.

दिवाळीनंतर वर पुन्हा यंत्र आलं. आता निळे पत्रे लावलेत, आत काय चाललंय ते दिसत नाही. आमच्या दाराला एक नोटीस चिकटवून गेले आहेत: पावसाळ्यात येथे राहणे धोक्याचे आहे, रहिवाशांनी आपली सोय करावी. आम्ही जागा शोधतोय. गावाबाहेर सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, एक नवं बैठं घर भाड्याने मिळतंय, तीन खोल्यांचं. मालकिणीने विचारलं, माणसं किती? नवरा दोन म्हणायच्या आत मी तीन म्हटलं.

त्या दिवशी पुण्याला फोन केला. आठ महिन्यांत काकू माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मुलगा म्हणायचा, बरी आहे, खिडकीशी बसते, हाताला काही घेत नाही. या वेळी मी त्याला म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा, त्या बोलल्या नाहीत तरी चालेल. पलीकडे श्वास ऐकू आला.

"काकू, एक घर बघितलंय. एक खोली तुमची. उजेड भरपूर आहे."

त्यांनी विचारलं, "मागे डोंगर आहे?"

"नाही. सगळा सपाट कातळ आहे."

"कातळावर पाणी कुठलं," त्या म्हणाल्या, आणि फोन मुलाकडे दिला.

त्याने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, पाण्याचं विचारत होत्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. वर पत्र्यांमागे यंत्र चालू होतं, आणि पाऊस लागायला जेमतेम दीड महिना होता.